व्हॉल्व्हची नावं लिहिताना

डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी मिळाली ती पुसद-महागाव रस्त्यावरच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात. आमचं घर ढाणकीजवळच्या खेड्यात. वडिलांचा कापूस दर हंगामात कुठल्या ना कुठल्या जिनिंगवर जायचाच, त्यामुळे रुईचे ढीग, सरकीचा वास आणि नाकात जाणारी बारीक तूस यांची मला लहानपणापासून सवय. नवा होता तो आतला प्रेस. रुई दाबून तिची घट्ट गाठ बांधणारं ते हायड्रॉलिक यंत्र कॉलेजात मी फक्त कागदावर पाहिलं होतं. तिथे पंप म्हणजे एक गोल, व्हॉल्व्ह म्हणजे चौकोन आणि आत बाण. इथे एका भिंतीला लागून काळ्या नळ्यांचं जाळं होतं, लोखंडी ठोकळे होते, आणि त्या ठोकळ्यांवर तेल-धुळीचा असा थर होता की कुठला चौकोन कुठे गेला तेच मला कळेना.

कामावर घेतल्यावर मॅनेजरसाहेबांनी मला पहिलं काम दिलं ते नावं लिहिण्याचं. त्याला कारण झालं होतं. ऐन हंगामात प्रेसचा एक व्हॉल्व्ह खराब झाला तेव्हा इथून फोनवर सांगितलं गेलं, 'तो खालचा कॉक पाठवा.' माल आला तो दुसराच. परत केला, पुन्हा फोन केला, पुन्हा दुसराच आला. चार दिवस प्रेस बंद आणि फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग. म्हणून साहेब म्हणाले, प्रत्येक व्हॉल्व्हचं खरं नाव, त्याचं काम आणि नंबर, सगळं मराठीत लिहून काढा आणि भिंतीवर बोर्ड लावा. कोणीही वाचून फोन करू शकला पाहिजे.

हे काम मिस्त्रींना विचारल्याशिवाय होणार नव्हतं. मिस्त्री म्हणजे कारखान्याचे फिटर. साठीच्या जवळ आलेले, जवळच्याच बंजारा तांड्यावरचे. तरुणपणी इथे गाठी उचलायला म्हणून आले आणि बघत बघत मशीन शिकले. शाळा चौथीपर्यंत, मराठी सावकाश वाचायचे, इंग्रजी नाही. पण नळीवर हात ठेवला की आतून तेल कसं चाललंय ते त्यांना समजायचं. कुठलाही सांधा उघडण्याआधी खिशातलं स्वच्छ फडकं काढून ते आजूबाजूची धूळ पुसून घ्यायचे. तेलात एक कण गेला तरी व्हॉल्व्ह अडकतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. ते पाळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते.

मी वही घेऊन गेले आणि पहिल्या ठोकळ्याकडे बोट दाखवून विचारलं, याला काय म्हणता? त्यांनी माझ्याकडे न बघताच उत्तर दिलं.

"नावानं काय होते, मॅडम? तो चालते का नाही, ते पाहा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मॅडम मात्र त्यांनी जरा लांबूनच म्हटलं होतं. कालपरवा आलेली पोरगी वही घेऊन आपल्या मशीनला नावं ठेवणार, हे त्यांना रुचलं नसावं. मी तरी रोज जात राहिले. ते काम करायचे, मी बाजूला उभी राहायची, आणि प्रेसबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका उघडून एकेक नाव ठोकळ्याशी जुळवून बघायची. त्या पुस्तिकेच्या सुरुवातीला शब्दांची यादी होती, सोप्या व्याख्यांसकट. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की एवढ्या जाळ्यात व्हॉल्व्हची कामं तीनच आहेत. काही व्हॉल्व्ह दाब सांभाळतात, काही तेलाची दिशा बदलतात, आणि काही तेल किती वेगाने जाऊ द्यायचं ते ठरवतात. बाकी सगळे याच तिघांचे भाऊबंद.

मिस्त्रींनीही हे तीन प्रकार केलेलेच होते, फक्त त्यांची नावं वेगळी होती. दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हला ते 'काटा' म्हणायचे, रेल्वेच्या रुळांना असतो तसा. काटा इकडे टाकला की तेल दट्ट्याच्या, म्हणजे पिस्टनच्या, एका बाजूला जाऊन रुई दाबली जाते, तिकडे टाकला की दट्ट्या परत येतो. त्या काट्याच्या आत सरकणाऱ्या कंगोरेदार गजाला पुस्तकात 'स्पूल' म्हटलं होतं, ते म्हणायचे 'दांडी'. वेग ठरवणारा तो 'चाबी'. तेल एकाच बाजूला जाऊ देणारा, उलटं येऊ न देणारा तो 'एकतर्फी'. विहिरीच्या मोटरीला फूटव्हॉल्व्ह असतो तशाच जातीचा, त्यामुळे तो मला लगेच समजला. आणि एका व्हॉल्व्हला दुसऱ्याचा हुकूम पोचवणारी एक बारीक नळी होती. पुस्तकात ती 'पायलट लाइन' होती. मिस्त्री तिला 'इशाऱ्याची नळी' म्हणायचे. हे नाव मला इतकं आवडलं की मी वहीत पुस्तकातल्या शब्दाच्या आधी तेच लिहिलं.

आमचं खरं बोलणं सुरू झालं ते एका चुकीवरून. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की जादा तेल टाकीत परत सोडणाऱ्या व्हॉल्व्हपुढे मी 'रिलीफ' लिहिलं होतं. गाठ बांधून झाली की दट्ट्यातला दाब हळूहळू उतरवणारा व्हॉल्व्ह वेगळा. प्रेस चालवणारे त्याला 'रिलीज' म्हणत, म्हणून त्याच्यापुढे मी तेच लिहिलं. मिस्त्रींनी वही हातात घेतली, दोन्ही शब्दांवर बोट ठेवून सावकाश वाचले आणि म्हणाले, "हे दोन नावं एका भिंतीवर नको. मशीनच्या आवाजात एक सांगतलं आन् दुसरं ऐकू गेलं, तर कोनी तरी मरन."

त्यांचं म्हणणं खरंच होतं. रिलीफचा स्क्रू चुकून आवळला तर दाब कुठवर चढेल याला धरबंध राहिला नसता. तिथेच उभं राहून आम्ही दोघांनी नवी नावं ठरवली. एक 'जादा दाब सोडणारा', दुसरा 'गाठ उतरवणारा'. नावानं काय होते म्हणणाऱ्या माणसाने माझ्या आधी नावातला धोका ओळखला होता. त्यानंतर ते स्वतःहून मला हाका मारू लागले. हे पाहून घे, ते लिहून घे. मॅडमवरून ते कधी 'बाई'वर आले ते दोघांनाही कळलं नाही.

त्या पुस्तिकेच्या शेवटी सावधगिरीचं एक पान होतं. कामाला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यातच मी ते वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं की दाबातल्या नळीला सुईएवढं छिद्र पडलं तर तिथून येणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत जाते. जखम टिंबाएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. आत मात्र तेल पसरत जातं आणि बोट, हात कायमचा जाऊ शकतो. म्हणून गळती कधीही हाताने शोधू नये, आणि असं झालं तर वेळ न घालवता सर्जनकडे जावं. वाचून मला कसंसंच झालं होतं. पण माझं काम व्हॉल्व्हच्या नावांचं होतं आणि या पानावर कुठल्या व्हॉल्व्हचं नाव नव्हतं. म्हटलं, सगळी नावं झाली की बोर्डाच्या तळाशी लिहू. पान दुमडून ठेवलं.

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दुपारची वेळ. प्रेस चालवणाऱ्या भाऊंना एका रबरी नळीजवळ तेलाचा धुरकट फवारा दिसला म्हणून त्यांनी मोटर बंद केली. गाठ अर्धी दाबलेली, तशीच आत राहिली. मिस्त्री आले. मोटर बंद असल्याने सगळं शांत होतं. त्यांनी खिशातून फडकं काढलं, नळी पुसली, आणि तीस वर्षांच्या सवयीने डावा हात नळीवरून खालून वर फिरवला. अर्ध्यात पोचल्यावर हात झटकन मागे घेतला. मी पाच-सहा पावलांवर होते. त्यांनी बोटाकडे बघितलं, पँटीला पुसलं आणि म्हणाले, "हे पाहा, इथं फुटली."

मग त्यांनी गाठ उतरवणारा व्हॉल्व्ह सावकाश उघडायला लावला, दाब उतरल्यावर नळी बदलली आणि तासाभरात प्रेस सुरू झाला. चहाच्या वेळी ते कप उजव्या हातात धरून डाव्या हाताची तर्जनी अंगठ्याने चोळत बसलेले दिसले. मी विचारलं, काय झालं? त्यांनी बोट पुढे केलं. पेरावर लाल टिंब होतं, मोहरीच्या दाण्याहून लहान. रक्त नाही. पण टिंबाच्या भोवती कातडी पांढरट पडली होती आणि बोट दुसऱ्या हाताच्या बोटापेक्षा जाड दिसत होतं.

मला दुमडून ठेवलेलं ते पान आठवलं. मी म्हटलं, काका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायला हवं. मी त्यांना काका म्हणाले ते त्या दिवशी पहिल्यांदा. सगळे हसले. तेही हसले.

"पऱ्हाटीचं काडूक टोचलं तरी याच्याहून जास्त दुखते," ते म्हणाले. "एवढ्यासाठी कायले दवाखाना?"

मी धावत जाऊन पुस्तिका आणली आणि ते पान तिथेच मराठी करत वाचून दाखवलं. भाऊ म्हणाले, पुस्तकवाले घाबरवायला असं लिहितातच. मिस्त्री ऐकत होते, पण उठत नव्हते. शेवटी माझ्या तोंडून निघालं ते पुस्तकातलं नव्हतं, त्यांनीच मला शिकवलेलं होतं.

"काका, मोटर बंद होती, पण गाठ आत होती. दाबलेली रुई दट्ट्याला मागे रेटत होती आणि एकतर्फीनं तेल धरून ठेवलं होतं. तुम्ही हात फिरवला तेव्हा काट्यावर दाब किती होता?"

काटा म्हणजे इथे दाब दाखवणाऱ्या घड्याळाचा काटा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. कप खाली ठेवून त्यांनी प्रेसकडे बघितलं. मग म्हणाले, "पाह्यलाच नाही म्या." आणि उठले.

मॅनेजरसाहेबांनी लगेच आपली जीप दिली. निघताना मी तेलाच्या डब्यावरचं लेबल फाडून बरोबर घेतलं, कारण त्या पानावर तसं लिहिलं होतं. आधी महागावला ओळखीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी बोट दाबून बघितलं, टिंब पाहिलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन भरायला घेतलं. मी पुस्तिका पुढे केली. त्यांनी ते पान एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. कुठलं तेल, किती वाजता झालं, बोट बधिर वाटतं का, हे सगळं विचारलं आणि यवतमाळच्या ओळखीच्या सर्जनना फोन लावला. फोन ठेवल्यावर म्हणाले, "मी अशी केस पाहिलेली नाही. पण ते म्हणतात, एक मिनिटही थांबू नका. यांना खायला-प्यायला काही देऊ नका, आणि बोट शेकू नका." चिठ्ठी लिहून त्यांनी ती माझ्या हातात दिली.

आर्णीच्या रस्त्याने आम्ही निघालो. मिस्त्रींनी डावा हात वर करून जीपच्या कडीला धरून ठेवला होता. आता ठणका सुरू झाला होता. बोट काकडीसारखं ताठ झालं होतं आणि सूज तळव्याकडे उतरू लागली होती. मग त्यांनी विचारलं, "त्या पानावर याले नाव काय देल्लं हाये?"

मी सांगितलं, ऑइल इंजेक्शन. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हणून पाहिलं.

दवाखान्यात पोचल्यावर मी चिठ्ठी काढेपर्यंत त्यांनी स्वतःच तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंना सांगितलं की बोटात ऑइल इंजेक्शन झालं. त्यांना वाटलं, यांनी कुणाकडून तरी इंजेक्शन टोचून घेतलं. कुठल्या दवाखान्यात घेतलं, असं त्या विचारू लागल्या. मिस्त्रींनी शांतपणे सांगितलं की सुईचं नाही, मशीनच्या दाबाचं. मोटर बंद होती पण एकतर्फीमुळे दाब आत अडकून होता. मी इतके दिवस जी व्याख्या नीट लिहू शकले नव्हते ती त्यांनी स्ट्रेचरशेजारी उभं राहून दोन वाक्यांत सांगितली. तेवढ्यात सर्जन आलेच. ते फोनमुळे वाटच बघत होते.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. बोट टोकापासून तळव्यापर्यंत उघडावं लागलं. तेल कातडीखालून स्नायूच्या दोरीला धरून तळव्यापर्यंत पोचलं होतं. ते धुऊन काढलं आणि जखम उघडीच ठेवली. दोन दिवसांनी पुन्हा धुतली. सर्जन मला म्हणाले की लोक असं टिंब घेऊन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतात, तेव्हा बोट काढण्याशिवाय इलाज राहत नाही. यांचं बोट राहील, पण वाकेल की नाही ते आज सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींच्या घरच्या काकू तांड्यावरून आल्या. नवऱ्याशी त्या गोर बोलीत बोलत होत्या, मला शब्द कळत नव्हते. हातावरची मोठी पट्टी बघून त्या माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, "टिपक्याएवढं होतं म्हणे?" मी मान हलवली. त्या पलंगाच्या कडेला बसून राहिल्या आणि बराच वेळ त्यांनी माझा हात सोडला नाही. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मनात एकच गोष्ट फिरत होती. ते पान मी कधीच वाचलं होतं.

ते मी मिस्त्रींना सांगितलं तीन-चार आठवड्यांनी. ते घरी आले होते, म्हणून एका रविवारी मी तांड्यावर गेले. ते अंगणात बाजेवर बसले होते, हात उशीवर. काकू चुलीशी होत्या. खुशाली विचारून झाली आणि मग मी सांगून टाकलं. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. त्या पानावर कुठल्या व्हॉल्व्हचं नाव नाही म्हणून मी ते शेवटी ठेवलं. त्या आठवड्यात सांगितलं असतं तर तुमचा हात नळीवर गेला नसता.

त्यांनी उजव्या हाताने पट्टीची कड नीट केली.

"तू सांगतलं असतं," ते म्हणाले, "आन् म्या म्हटलं असतं, तीस वर्सं झाले हात फिरवून राह्यलो, मले काही होत नाही. तवा मी तुह्यं नावं बी ऐकत नव्हतो, याडी. ते पान काय ऐकलं असतं?"

याडी म्हणजे आई. तांड्यावर मोठी माणसं लेकीबाळींना असं म्हणतात, हे मला माहीत होतं. तरी डोळे भरून आले. पण माझी चूक झालीच नाही, असं मात्र ते म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनीच पुढे सांगितलं, "आता पहिल्या ओळीत लिही." मी वही बरोबर नेली होतीच. त्या दुपारी आम्ही सगळी यादी पुन्हा केली. प्रत्येक नावापुढे काम, आणि कामापुढे आणखी एक रकाना: इथे काय करू नये. तो रकाना मिस्त्रींनी सांगितला, मी लिहिला. एकतर्फीपुढे त्यांनी लिहायला लावलं की मोटर बंद झाली म्हणजे दाब गेला असं समजू नये, आधी काटा बघावा. 'काटा' हा शब्द दोन ठिकाणी येतो हेही त्यांच्याच लक्षात आलं. मग दिशेच्या व्हॉल्व्हचा काटा जाऊन तिथे 'दिशा' आली. स्वतःचं जुनं नाव त्यांनी स्वतःच खोडलं.

बोर्ड लागला. पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की गळती हाताने शोधू नये. पुढच्या हंगामात मिस्त्री परत आले तेव्हा त्यांच्या खिशात फडक्याबरोबर पुठ्ठ्याचा एक तुकडा असायचा. संशय आला की दूर उभं राहून तो पुठ्ठा नळीजवळून फिरवायचा, तेल असेल तर त्यावर डाग पडतो. सुरुवातीला लोक गंमत करायचे. मिस्त्री तर्जनी समोर धरायचे आणि कामाला लागायचे. ती वाकत नव्हती. दोन हंगाम त्यांनी तसंच काम केलं, मग थांबले.

मी आता दुसरीकडे शिकवते. व्हॉल्व्हचे तीन प्रकार सांगण्याआधी ते पान सांगते. मुलंमुली पहिल्या दिवशी ते फारसं मनावर घेत नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगते.

मिस्त्रींकडे वर्षातून एकदा तरी जाते. त्यांची थोडी कपाशी आणि तूर आहे. बोट सरळ राहिल्याने कापूस वेचताना ते बोंडात अडकतं, त्यामुळे वेचणीत काकू पुढे निघून जातात आणि हे मागे राहतात, असं ते स्वतःच सांगतात. थंडीत ते बोट पांढरं पडतं आणि दुखतं. मागच्या खेपेला गेले तेव्हा काकूंनी तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या होत्या. आम्ही तिघं अंगणात उन्हात बसून त्या सोलून खाल्ल्या. मिस्त्री उजव्या हाताने सोलत होते आणि अर्धे दाणे माझ्या ताटलीत टाकत होते.